पंक्चर किट: डब्यातले नग आणि हातातली मूठ

मागे स्टेपनी लटकत असताना पंक्चरचं किट वेगळं कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. डांबरी रस्त्यापुरता प्रश्न रास्त आहे. कच्च्या वाटेवर मात्र चाक बदलणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. उतारावर जॅक लावला तर गाडी सरकायची भीती, वाळूत जॅकच खाली रुतत जातो, आणि ३३ इंची टायर रिमसकट उचलायचा म्हणजे तीस-पस्तीस किलोंशी झटापट. त्यापेक्षा चाक गाडीलाच ठेवावं, खिळा समोर दिसेल इतकी गाडी पुढे-मागे करावी आणि जागच्या जागी पंक्चर काढावं. जॅकला हातही लावावा लागत नाही. शिवाय स्टेपनी एकच असते. दगडांच्या वाटेवर ज्या धारेनं पुढचा टायर कापला, तिच्यावरूनच बरेचदा त्याच बाजूचा मागचा टायरही जातो.

किट घ्यायचं नक्की झाल्यावर आधी टायरला काय काय होऊ शकतं ते कागदावर लिहून काढलं. खिळा किंवा स्क्रू नक्षीत घुसतो. नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत टोकदार दगड शिरतो. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, चिरते. व्हॉल्व्ह दगडाला घासून तुटतो. हवा कमी असताना करकचून वळण घेतलं की टायरचा काठ, ज्याला बीड म्हणतात, रिमवरून निसटतो. यातलं पहिलं कुठेही घडतं, बाकीचं खास आडवाटेचं. त्यातही साइडवॉलचं दुखणं आपणच ओढवून घेतलेलं असतं. पकड वाढावी म्हणून आपण हवा कमी करतो, टायर खाली पसरतो, भिंत बाहेर फुगते आणि दगडाची धार आधी तिलाच लागते.

ही यादी हातात घेऊन तयार किटं बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, की डब्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असते ती नगांची संख्या. साठ नग, सत्तर नग, शंभर नग. उघडून मोजलं तर त्यातल्या निम्म्याहून अधिक भोकात ठासायच्या पंक्चरच्या पट्ट्या, मग व्हॉल्व्हच्या टोप्या, पिना, हातमोज्यांचा जोड. एका डब्यात तर पेटी हासुद्धा एक नग धरलेला होता. या आकड्यावरून किटाची किंमत ठरत असली तरी उपयोग ठरत नाही. एका सफरीत फार तर दोन-तीन पंक्चरं व्हायची. खरं काम दोन हत्यारांचं: भोक साफ करणारा रीमर आणि पट्टी आत ढकलणारी सुई. तेव्हा संख्या बाजूला ठेवली आणि मुठी बघायला सुरुवात केली.

मुठी तीन तऱ्हेच्या मिळतात. स्क्रूड्रायव्हरसारखी सरळ, इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी, आणि पिस्तुलासारखी वाकलेली. मोटरसायकलच्या किंवा लहान गाडीच्या टायरला सरळ मूठ चालून जाते. जाड टायरला ती पुरत नाही, कारण जोर देताना तिचा बुंधा थेट तळहाताच्या मध्यभागी रुततो. माझ्या मनगटात काही पैलवानी जोर नाही, त्यामुळे माझ्यापुरता हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. आडव्या मुठीवर दोन्ही हात बसतात, छातीचं वजन टाकता येतं, आत घातलेली सळई बाहेर ओढतानाही तशीच पकड मिळते. यातल्या प्लॅस्टिकच्या मुठी मी हातात घेऊनच परत ठेवल्या. धातूच्या मुठीतही फरक असतो. काहींत सळई छोट्याशा स्क्रूनं आवळलेली असते. त्याचा फायदा असा, की सुई मोडली तर दुसरी लावता येते. तोटा असा, की पिळताना तो स्क्रू सैल पडतो आणि ॲलन-की शोधत बसावं लागतं. मला सळई मुठीतून आरपार गेलेली आणि पक्की बसवलेली हवी होती.

मग लांबी. आडवाटेच्या टायरची नक्षीच बारा ते पंधरा मिलीमीटर खोल असते, तिच्याखाली रबराचा थर, पोलादी तारांचे पट्टे, मग टायरचा सांगाडा. लहान गाड्यांच्या किटातली आखूड सुई ठोकळ्याच्या मधोमध पडलेल्या पंक्चरात घातली तर पट्टी आत नीट पोचतच नाही. सुईचा बाहेर असलेला भाग आठ सेंटिमीटरच्या आसपास तरी हवा, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. सुईचं नाकही बघण्यासारखं असतं. त्याच्या टोकाला बारीक फट हवी, म्हणजे सुई मागे ओढताना पट्टी त्या फटीतून सुटते आणि आतच राहते. ती फट फार रुंद असेल तर पट्टी अर्ध्यातच निसटते, आणि दाबून अरुंद झालेली असेल तर सुईबरोबर पट्टीही बाहेर येते.

हे सगळं नुसतं बघून ठरत नाही. म्हणून ओळखीच्या एकांकडून बाद झालेला, पण रिमवर अजून हवा धरणारा एक जाड टायर मागून आणला. डोळ्यांना चष्मा लावला आणि त्यात पाच मिलीमीटर जाडीचा स्क्रू घुसवला. ज्यांना किट घ्यायचं आहे त्यांनी हा उद्योग एकदा तरी करावा. पक्कड आपली नेहमीची घेतली, कारण किटांतल्या पकडी इतक्या हलक्या असतात की स्क्रूचं डोकं त्यांच्या तोंडातून घसरत राहतं. उपसण्याआधी स्क्रू कोणत्या कोनात घुसलाय ते बघून ठेवायचं, कारण रीमर त्याच कोनात घालायचा असतो. सरळ घुसवला तर तो शेजारी दुसरं भोक पाडायला बघतो.

रीमर म्हणजे पिळाचे दाते असलेली सळई. नक्षीत ती घालताना पोलादी तारांपाशी अडते, आणि इथेच मूठ चांगली की वाईट ते कळतं. तारांची कापलेली टोकं घासून गुळगुळीत करायची असतात, कारण ती तशीच राहिली तर चाक फिरताना पट्टीला कातरत राहतात. म्हणून रीमर दहा-पंधरा वेळा आत-बाहेर फिरवायचा. मी एका साध्या किटातला रीमर आधी वापरून पाहिला. तिसऱ्या भोकाला त्याची मूठ सळईभोवती नुसतीच गरगर फिरायला लागली. पक्क्या आडव्या मुठीच्या रीमरनं तेच काम घाम काढत का होईना, पण झालं.

आणखी एक गोष्ट त्या जुन्या टायरनं शिकवली. हवा पूर्ण गेलेल्या टायरमध्ये पट्टी घालणं फार अवघड. आपण जोर लावतो आणि भोकासकट अख्खा टायर आत दबत जातो. थोडी हवा भरून टायर ताठ केला की सुई सरळ आत शिरते. भोकातून हवा फुसफुसत असते, ती फुसफुसू द्यावी. म्हणजे किट आणि पंप या दोन वेगळ्या खरेद्या नाहीतच. पंप पट्टीच्या आधीही लागतो आणि नंतरही.

पट्ट्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डांबरात भिजवलेल्या जाड वातीसारखी दिसणारी, चिकट रबर मुरवलेल्या धाग्यांची ही पट्टी बारीक आणि जाड, आखूड आणि लांब अशी मिळते. जाड टायरला जाड आणि लांब घ्यावी. नव्या पट्टीला बोट चिकटलं पाहिजे. कोरडी, कडक झालेली पट्टी सरळ टाकून द्यावी. सुईच्या नाकातून ती मधोमध ओवायची, दोन्ही शेपट्या सारख्या ठेवायच्या, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर राहील इतकी आत ढकलायची आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढायची. बाहेरचं टोक कापताना ताणायचं नाही, नाहीतर कापल्यावर ते आत सरकतं.

सोल्युशनची नळी हा किटातला सगळ्यांत बेभरवशाचा नग. त्याचं पहिलं काम वंगणाचं, पट्टी सरकत आत जावी म्हणून. चिकटण्याचं काम त्यानंतर. त्यातला द्रव भराभर उडून जातो, त्यामुळे एकदा उघडलेली नळी काही काळानं हमखास सुकलेली सापडते, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत न उघडलेलीसुद्धा आटते. मी एका मोठ्या नळीऐवजी लहान लहान नळ्या घेतल्या. एक उघडायची, वापरायची, उरली तर टाकायची. हे द्रव पेट घेणारं असतं, तेव्हा आसपास विडी-सिगारेट नको.

पट्टीला पर्याय म्हणून छत्रीच्या आकाराचे रबरी मशरूम प्लगही बघितले. ते खास नळीतून आत ढकलतात आणि त्यांची टोपी आतून टायरला टेकते. खिळ्याच्या गोल भोकाला ते छान बसतात. दगडानं पाडलेला छेद मात्र गोल नसतो, आणि वेड्यावाकड्या फटीत मशरूमच्या कडेनं हवा सुटत राहते. अशा फटीत शेजारी शेजारी दोन-तीन पट्ट्या ठासता येतात. पितळी टोकाचे डायनाप्लग एका दाबात आत जातात, सुई ओवायची भानगड नाही. दुचाकीवर फिरत असते तर मी तेच घेतले असते. माझ्या कामाला पट्टीच बरी वाटली.

आता साइडवॉल. टायर उत्पादकांची अमेरिकेतली संघटना याबाबत स्वच्छ बोलते: दुरुस्ती फक्त नक्षीच्या भागात, भोक ६ मिलीमीटरपर्यंतचं, टायर रिमवरून उतरवून आतून तपासलेला, भोक रबरी बुंधा घालून भरलेलं आणि आतून पॅच लावलेला. नुसती पट्टी ही त्यांच्या हिशेबी दुरुस्तीच नाही, आणि साइडवॉलला तर हातच लावायचा नाही. कारण समजण्यासारखं आहे. भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, भार तिच्यातले धागे पेलतात, आणि बहुतेक टायरच्या भिंतीत पोलादी पट्टे नसतात. कापलेले धागे पट्टीनं जोडले जात नाहीत.

तरीही आडवाटेला लोक साइडवॉलमध्ये पट्ट्या ठोकतात, आणि माझ्या किटाच्या निवडीतही ही शक्यता धरलेली आहे. स्टेपनी आधीच वापरून झाली असेल आणि रस्ता कित्येक किलोमीटर लांब असेल, तर चिरेत चार-पाच पट्ट्या भरून चालण्याच्या वेगानं बाहेर पडणं हाच मार्ग उरतो. त्या जुन्या टायरवर मी हेही करून बघितलं. तारा नसल्यामुळे रीमर इथे सहज शिरतो, म्हणूनच तो जपून चालवायचा. जितका फिरवाल तितके धागे तुटतात. रस्त्याला लागेपर्यंत हवा जेमतेम ठेवायची, रस्ता आला की टायर उतरवायचा आणि तो पुन्हा चढवायचा नाही.

पंपाच्या बाबतीत मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. आधी गॅसच्या छोट्या नळकांड्यांचा विचार निकालात काढला. १६ ग्रॅमच्या नळकांड्यातून साधारण नऊ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २६५/७० आर १७ मापाच्या टायरच्या पोटात साठ-सत्तर लिटर जागा असते. तो शून्यापासून ३५ पीएसआय दाबापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ बारपर्यंत न्यायचा तर दीडशे लिटरच्या वर हवा लागते. एका टायरला सतरा-अठरा नळकांडी झाली! सायकलवाल्यांना आणि मोटरसायकलवाल्यांना लखलाभ.

टायरमध्ये ओतायच्या सीलंटची बाटलीही बाजूला ठेवली. तो द्रव बारीक भोकं बुजवतो हे खरं, पण चिरेपुढे त्याचं काही चालत नाही. त्याला मुदत असते, आत हवेचा दाब सांगणारा सेन्सर असेल तर तो बरबटू शकतो, आणि नंतर आतून पॅच लावणाऱ्याला तो चिकटा आधी पुसून काढावा लागतो.

राहिला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. इथे हिशेब मांडला तो एका टायरचा नाही, चारही टायरचा, कारण वाट संपली की चारही टायरमध्ये परत हवा भरायची असते. १८ पीएसआयवरून ३५ पर्यंत न्यायला प्रत्येकी सत्तर-ऐंशी लिटर हवा, म्हणजे चार टायरना तीनशे लिटर. डब्यावर मिनिटाला तीस लिटर असं छापलेलं असेल तर दहा मिनिटांत काम व्हायला हवं. होत नाही. तो आकडा समोर काही दाब नसतानाचा असतो. टायर भरत जाईल तसा पंपाचा वेग उतरतो. त्यात ड्यूटी सायकल नावाचा बारीक अक्षरांतला आकडा असतो. ३३ टक्के लिहिलं असेल तर एक भाग चालवायचा आणि दोन भाग थंड होऊ द्यायचा, दहा मिनिटं काम की वीस मिनिटं विश्रांती. अशा पंपानं चार टायर भरायचे म्हणजे सूर्य मावळतो.

दुसरा अडसर विजेचा. डॅशबोर्डवरच्या बारा व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज सहसा दहा-पंधरा अँपिअरचा असतो. मोठा कॉम्प्रेसर तीस अँपिअरपर्यंत किंवा त्याहूनही जास्त ओढतो, म्हणून त्याला चिमटे असतात आणि ते थेट बॅटरीला लावावे लागतात. मी चिमट्यांचाच घेतला, इंजिन चालू ठेवून वापरायचा. त्याची नळी बॉनेटपासून मागच्या टायरपर्यंत पोचते का, हे विकत घेण्याआधी दोरी लावून मोजलं. नळीचं टोक व्हॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसणारं असेल तर हवा भरताना हात मोकळे राहतात, पण काढताना थोडी हवा सुटते. खटका दाबून बसणारं टोक झटपट बसतं आणि धुळीत लवकर खराब होतं. मी आट्यांचं घेतलं.

कॉम्प्रेसरवरच्या गेजवर मी विसंबत नाही. अशा घड्याळी गेजची अचूकता बरेचदा पूर्ण मापाच्या टक्क्यांत सांगतात. १६० पीएसआयपर्यंतच्या गेजमध्ये दोन टक्के म्हणजे तीन पीएसआयचा फरक. ३५ ला तो खपून जातो. वाळूत १५ वर आणताना तीन पीएसआय इकडे-तिकडे झाले तर बीड निसटण्याच्या हद्दीत जातो. म्हणून ६० पर्यंतच मोजणारं वेगळं गेज घेतलं. त्याच्यावर हवा सोडायचं बटणही आहे.

व्हॉल्व्हसाठी लागणाऱ्या वस्तू तळहातावर मावतात, पण त्यांच्यावाचून गाडी अडते. व्हॉल्व्हच्या आत हवा अडवून धरणारी पिन काढायचा छोटा पाना, चार-पाच पिना, धातूच्या टोप्या आणि टायर न उतरवता बाहेरून कसता येणारा एक आणीबाणीचा व्हॉल्व्ह. सेन्सरचा ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह असेल तर पिन निकेलचा मुलामा दिलेलीच घ्यावी. साधी पितळी पिन तिथे गंजून कायमची अडकते. पिनेचा आणखी एक उपयोग आहे. निसटलेला बीड परत बसवायचा तर हवा झपाट्यानं आत जावी लागते, आणि पिन काढून टाकली की वाट मोठी होते. त्याच वेळी टायरच्या घेराभोवती रॅचेटचा पट्टा आवळला तर काठ रिमकडे दाबले जातात. सामान बांधायला तो पट्टा गाडीत असतोच. पेट घेणारा स्प्रे आत मारून काडी लावायची जी करामत काही जण करतात, ती मी कुणाला सांगणार नाही.

बाकी साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, भोकावर खूण करायला खडू, धारदार सुरी, जाड हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा आणि गुडघ्याखाली घ्यायला चटईचा तुकडा. शेवटी कुठलाही एक तयार डबा पुरला नाही. हत्यारं एका किटातली, पट्ट्या दुसरीकडच्या, पक्कड घरची, आणि सगळं कापडी गुंडाळीत. कडक पेटी गाडीत खडखडते आणि तिच्यातल्या खाचांत आपण वाढवलेली वस्तू कधीच बसत नाही.

खऱ्या पंक्चराला हे किट लागलं तेव्हा मागच्या टायरच्या खाचेत तुटका बोल्ट घुसलेला होता. सोबतचे काका म्हणाले, "स्टेपनीच काढूया, लवकर होईल." मी म्हटलं, "काका, गाडी फूटभर पुढे घ्या फक्त." भोक मोठं होतं, एक पट्टी घातली तरी बुडबुडे येत राहिले, दुसरी शेजारी ठासल्यावर थांबले. हवा भरून निघालो. पुढे टायर उतरवून आत बघितलं तर बोल्टचं भोक ६ मिलीमीटरपेक्षा थोडं मोठं निघालं, म्हणून तो टायर रस्त्याच्या वेगाला वापरायचा नाही असं ठरवलं.

साइडवॉलवर बाहेरून चिकटवायचे पॅच घ्यावेत की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. त्यांना कोरडं, स्वच्छ आणि कानशीनं घासलेलं रबर लागतं, आणि आडवाटेला चिखलानं माखलेल्या टायरवर ते कुठून आणायचं? सध्या त्यांच्या जागी जाड पट्ट्यांचा एक जास्तीचा गठ्ठा ठेवला आहे. तो जुना टायर अजून पडवीत आहे. एखादा पॅच हाती लागला तर आधी त्यावर चिखल फासून, धुऊन, चिकटवून बघणार आहे.